आजीच्या रक्ताची साक्ष

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. फार खोलात शिरले की नको ते हाती लागायचे, असा तिच्यातला इशारा. तरीसुद्धा माणसाची कुळाची ओढ काही सुटत नाही. आपल्याकडे कित्येक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यांच्या वह्यांतून यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्या आढळतात. या वंशावळी उघडून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बाप, त्याचा मुलगा, त्या मुलाचा मुलगा, अशी वेल खाली उतरत जाते. लेक लग्न होऊन सासरी गेली की तिची फांदी बहुधा तिथेच खुंटते. आई, आईची आई, तिची आई, अशी वेल कुणी लिहून ठेवल्याचे क्वचितच दिसते.

कागदावर नसलेली ही वेल निसर्गाने मात्र आपल्या प्रत्येकाच्या शरीरात लिहून ठेवली आहे. ती वाचण्याची विद्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत माणसाच्या हाती आली. या विद्येचा एक फार मोठा उपयोग घडवून आणला तो दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशातील काही आज्यांनी. त्यांतल्या पुष्कळ जणी चारचौघींसारख्या घर सांभाळणाऱ्या, काही शाळेत शिकवणाऱ्या. राजकारणाशी वा प्रयोगशाळेशी त्यांचा फारसा संबंध आलेला नव्हता. मंडळाच्या वर्धापनदिनी आपण सगळ्या एकत्र जमतो, तेव्हा एकत्र आलेल्या बायका काय करू शकतात याचा हा इतिहास भगिनींपुढे ठेवावासा वाटला.

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. जनरल होर्हे राफाएल विदेला हे त्या राजवटीचे पहिले प्रमुख. राजवटीला विरोध करणारे, किंवा नुसता तसा संशय असलेले विद्यार्थी, कामगार, शिक्षक, वकील यांना रात्री-अपरात्री घरातून उचलून नेण्यात येऊ लागले. त्यांना गुप्त छावण्यांत डांबून छळण्यात येई. अनेकांना गुंगीचे औषध देऊन विमानातून नदीत वा समुद्रात फेकून देण्यात आले. घरच्यांनी चौकशी केली तर अशी व्यक्ती आमच्या ताब्यातच नाही, असे उत्तर मिळे. अशा लोकांना तिकडे ‘बेपत्ता’ हेच नाव पडले. लोकशाही परत आल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाने अशा ८,९६१ व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था हा आकडा ३०,००० च्या घरात असल्याचे सांगतात.

या बेपत्तांमध्ये कित्येक तरुण जोडपी होती. काहींच्या कडेवर तान्ही मुले होती, तर काही स्त्रिया गरोदर होत्या. गरोदर स्त्रीला बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवायचे, मूल जन्मले की ते काढून घ्यायचे आणि मग आईला नाहीसे करायचे, असा तो राक्षसी प्रकार होता. राजधानी ब्युनॉस आयरिसमधील नौदलाच्या एका तंत्रशाळेत तर अशा बाळंतपणांसाठी वेगळी खोलीच होती. काढून घेतलेली मुले लष्करातील वा पोलिसांतील माणसांना, नाहीतर त्यांच्या ओळखीपाळखीच्या घरांत देण्यात येत. खोटा जन्मदाखला तयार होई आणि ते मूल त्या घरात पोटचे म्हणून वाढे. अशी सुमारे ५०० मुले असावीत, असा आज्यांच्या संस्थेचा अंदाज आहे.

३० एप्रिल १९७७ रोजी चौदा आया राजधानीतील मायो चौकात, अध्यक्षांच्या वाड्यासमोर, आपल्या मुलांचा जाब विचारायला उभ्या राहिल्या. घोळक्याने उभे राहण्यास बंदी आहे, चालत्या व्हा, असे पोलिसांनी दटावले. तेव्हा त्या जोडीजोडीने चौकाला फेऱ्या घालू लागल्या. पुढे दर गुरुवारी हा क्रम चालू राहिला. गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला पांढरे कापड बांधले, आणि ते कापड म्हणजे तान्ह्या बाळाचा लंगोट! त्यांच्या पुढारी असुसेना विल्याफ्लोर यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेण्यात आले. त्यांच्या अस्थींची ओळख पटायला २००५ साल उजाडावे लागले.

या आयांपैकी ज्यांची लेक किंवा सून गरोदर होती, अथवा ज्यांचे नातवंडही सोबत गेले होते, अशा बारा जणी १९७७ च्या ऑक्टोबरात निराळ्या एकत्र आल्या. ‘मायो चौकातील आज्या’ या नावाने पुढे जगभर गाजलेली संस्था ती हीच. त्यांपैकी एक चिचा मारियानी. ला प्लाता शहरातील त्यांच्या मुलाच्या घरावर २४ नोव्हेंबर १९७६ रोजी सैनिकांनी हल्ला केला. सून मारली गेली आणि तीन महिन्यांची नात क्लारा अनाही नाहीशी झाली. थोड्याच काळाने येऊन मिळालेल्या दुसऱ्या एस्तेला दे कार्लोतो. या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांची मुलगी लॉरा हिला नोव्हेंबर १९७७ मध्ये पकडून नेले, तेव्हा ती गरोदर होती. जून १९७८ मध्ये ती कैदेतच बाळंत झाली आणि ऑगस्टमध्ये तिचे प्रेत आईच्या स्वाधीन करण्यात आले. मूल कुठे आहे, हे कुणी सांगेना.

आज्यांनी सुरुवातीला माणसाला सुचेल ते सारे केले. कोर्टे, अनाथाश्रम, पोलीस ठाणी पालथी घातली. पाळत चुकविण्यासाठी त्या एखाद्या उपाहारगृहात वाढदिवसाचा बहाणा करून जमत आणि चहा घेता घेता कागदांची देवघेव करीत. दूरध्वनीवर बोलताना नातवंडांना ‘फुले’ किंवा ‘वह्या’ म्हणत. अमक्या पोलिसाच्या बायकोला दिवस गेलेले कुणी पाहिले नव्हते, तरी तिच्या घरी बाळ आले आहे, अशा चिठ्ठ्या शेजारीपाजारी गुपचूप आणून देत. मग कुणी आजी त्या मुलाच्या शाळेबाहेर उभी राही आणि त्याच्या चेहऱ्यात आपल्या लेकीचे नाक-डोळे शोधीत बसे. अशा शोधातून १९८० साली दोन बहिणी सापडल्या.

परंतु चेहरा सारखा आहे, एवढ्यावर कोणते न्यायालय मूल हवाली करील? समोरचा माणूस जन्मदाखला दाखवी आणि आजीपाशी दाखविण्याजोगे काहीच नसे. रक्त तपासून बाप कोण ते ठरविता येते, हे चिचाबाईंच्या वाचनात आले होते. त्यांनी प्रश्न केला, आई-बाप दोघेही जिवंत नसतील तर आजी-आजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल काय? हा प्रश्न घेऊन आज्या देशोदेशीच्या शास्त्रज्ञांचे दरवाजे ठोठावीत हिंडल्या. आजवर असे कुणी विचारलेच नव्हते, त्यामुळे तयार उत्तर कुणापाशी नव्हते.

१९८२ साली न्यूयॉर्क येथे त्यांची गाठ व्हिक्टर पेन्चाझादे यांच्याशी पडली. हे मूळचे अर्जेंटिनाचेच आनुवंशशास्त्रज्ञ, जिवाच्या भयाने देश सोडून गेलेले. त्यांनी व अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या संघटनेने हा प्रश्न मनावर घेतला आणि तो कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या मेरी-क्लेअर किंग यांच्याकडे पोचला. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या जनुकाचे ठिकाण १९९० साली दाखवून देणाऱ्या विदुषी त्या ह्याच.

किंगबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग समजायला अवघड नाही. प्रत्येक मुलाला निम्मा वारसा आईकडून आणि निम्मा बापाकडून मिळतो, व त्या दोघांना तो आपापल्या आई-बापांकडून मिळालेला असतो. म्हणजे मधली पिढी नाहीशी झाली तरी नातवंडाच्या रक्तातील प्रत्येक खूण चौघा आजी-आजोबांपैकी कुणाच्या ना कुणाच्या रक्तात सापडलीच पाहिजे. ज्या खुणा पुष्कळांत आढळतात त्यांच्या जुळण्याला महत्त्व थोडे, आणि दुर्मीळ खुणांच्या जुळण्याला महत्त्व फार. असा हिशोब मांडून, हे मूल याच घरचे असण्याचा संभव परक्या घरचे असण्यापेक्षा किती पटींनी अधिक आहे, ते आकड्यांत सांगता येते. या आकड्याला शास्त्रज्ञांनी मोठे गोड नाव दिले, ‘आजीपणाचा निर्देशांक’.

डिसेंबर १९८३ मध्ये लष्करी राजवट संपली आणि राउल अल्फोन्सिन हे निवडून आलेले अध्यक्ष अधिकारावर आले. पुढल्या वर्षी किंगबाई ब्युनॉस आयरिसला गेल्या. तेथील दुरांद रुग्णालयात डॉ. आना मारिया दी लोनार्दो यांच्या प्रयोगशाळेत, अवयव बसविण्यापूर्वी पांढऱ्या पेशींवरील ज्या खुणा तपासतात, त्यांची तपासणी होत होती. तीच विद्या आता नातवंडांच्या शोधाला लावण्यात आली.

पहिला खटला पाउला नावाच्या मुलीचा. मे १९७८ मध्ये शेजारच्या उरुग्वे देशात आई-बापांसह तिला पळविण्यात आले, तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती. एका पोलीस अधिकाऱ्याने ती आपलीच मुलगी असल्याची नोंद केली होती, आणि तीही नुकती जन्मलेली अशी! तिची आजी एल्सा पावोन हिने लोकशाही येताच दावा लावला. रक्ताच्या तपासणीने नाते ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सिद्ध झाले आणि १३ डिसेंबर १९८४ रोजी आठ वर्षांची पाउला आजीच्या ताब्यात आली. पहिल्या भेटीत मुलगी रागावली, रडली. तू खोटे बोलतेस, असेच तिला वाटत होते. आजीने तिला तिचे लहानपणचे फोटो दाखविले आणि वडिलांना ती बोबड्या बोलांत काय म्हणत असे त्याची आठवण दिली. मुलीने तो शब्द हळूच उच्चारून पाहिला, पुन्हा उच्चारला, आणि तिला रडू कोसळले.

एक मूल सापडले, पण शेकडो अजून सापडायची होती, आणि आज्यांची वये वाढत चालली होती. आजी वारली तर तिच्याबरोबर तिच्या रक्ताची साक्षही जायची. म्हणून आज्यांनी सरकारकडे मागणी केली की आमचे रक्त जपून ठेवा. आम्ही नसू तेव्हाही आमच्या नातवंडांना आम्हाला शोधता आले पाहिजे. या मागणीवरून १९८७ साली कायदा होऊन ‘राष्ट्रीय जनुकीय माहिती पेढी’ स्थापन झाली. रक्तपेढीत रक्त साठवितात ते कुणालाही देण्यासाठी. या पेढीत ते साठविले गेले एकेका ठराविक नातवंडाची वाट पाहत. आजी, आजोबा, मावशी, मामा, काका, आत्या यांनी येऊन रक्त द्यायचे. त्याच्या खुणांची नोंद व्हायची. पुढे ज्या तरुणाला आपल्या जन्माविषयी शंका येईल त्याने यायचे, आणि त्याच्या खुणा साऱ्या घराण्यांच्या नोंदींशी ताडून पाहायच्या.

याच सुमारास आईकडची वेल शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडू लागली. आपल्या पेशींत शक्ती निर्माण करणारे सूक्ष्म कण असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया किंवा तंतुकणिका म्हणतात. त्यांच्यात निराळा, छोटासा डीएनए असतो. त्याची लांबी अवघी १६,५६९ अक्षरांची, आणि तो मुलाला केवळ आईकडून मिळतो. बापाचा त्यात वाटा नाही. आजीकडून आईला, आईकडून मुलाला आणि मुलीला, असा तो जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. आईच्या घरचे विरजण लेकीने सासरी न्यावे, तिच्या लेकीने पुढे तिच्या घरी न्यावे, आणि चार पिढ्यांनंतरही दही त्याच विरजणाचे असावे, तसा हा प्रकार. मुलगा आईचे विरजण घेतो, पण पुढे देऊ शकत नाही. त्यामुळे आईची आई नसली तरी एखादी मावशी, किंवा मामा, किंवा मावशीची मुले यांपैकी एकाचे रक्तही पुरावा देऊ शकते.

एवढ्या एकाच पुराव्यावर मात्र निकाल देता येत नाही, कारण एका दूरच्या पणजीच्या साऱ्या लेकी-नातींत ही खूण एकच असते. म्हणून इतर खुणाही ताडतात. मुलगा असेल तर बापाकडून मुलाकडे उतरणारे वाय गुणसूत्रही तपासतात, आणि मगच शब्द देतात. तरीही ज्या वेलीला वंशावळीत जागा नव्हती तिने न्यायालयात साक्ष द्यावी, ही गोष्ट स्त्रियांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आज्यांनी रक्तावरच सारे सोपविले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९८ पासून त्यांनी घरोघरच्या आठवणी ध्वनिफितींवर नोंदवून ठेवायला आरंभ केला. आई कशी हसत असे, बापाला कोणते गाणे आवडे, दोघांचे लग्न कसे जमले, हे आजीने बोलून ठेवायचे, म्हणजे ती गेल्यावर नातवंड सापडले तरी त्याला आपल्या माणसांचा आवाज ऐकायला मिळेल. रक्त नाते सिद्ध करते, परंतु आई कशी होती हे सांगायला माणूसच लागते, याची जाण त्यांना होती.

सापडलेल्या सर्वांची कहाणी आनंदाचीच झाली असे मात्र नाही. ज्यांना वीस-पंचवीस वर्षे आई-बाबा म्हटले, त्यांनीच आपल्याला चोरून आणले, आणि आपले रक्त हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा, हे पचविणे सोपे का आहे? काहींनी तपासणीस साफ नकार दिला. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान व्यक्तीचे रक्त तिच्या इच्छेविरुद्ध घेता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे २००९ साली त्याच न्यायालयाने घरातून आणलेल्या वापरातील वस्तूंवरून डीएनए तपासण्यास मान्यता दिली. एका बाजूला चाळीस वर्षे वाट पाहणारी आजी, दुसऱ्या बाजूला मला काही जाणून घ्यायचे नाही असे म्हणणारा नातू. यांत कुणाचे दुःख मोठे, हे आपण दूर बसून ठरवू नये. मुलांची चोरी हा गुन्हा होता याबद्दल मात्र शंका उरली नाही. लष्करातील लोकांना माफी देणारे कायदे १९८६-८७ मध्ये झाले, तेव्हाही मुले पळविण्याच्या गुन्ह्याला त्यांतून वगळण्यात आले होते. जुलै २०१२ मध्ये मुलांच्या योजनाबद्ध चोरीबद्दल विदेला यांना ५० वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी ते तुरुंगात वारले.

१९८९ साली आज्यांच्या संस्थेच्या अध्यक्ष झालेल्या एस्तेलाबाई इतरांची नातवंडे शोधीत राहिल्या. दरवेळी नवे नातवंड सापडले की त्या वार्ताहरांपुढे येऊन सांगत, आणि त्यांचा स्वतःचा नातू मात्र सापडत नव्हता. ५ ऑगस्ट २०१४ रोजी तो सापडला. ओलावारिया गावचा इग्नासिओ हा छत्तीस वर्षांचा संगीतकार आपल्या जन्माविषयी शंका आल्याने स्वतः होऊन तपासणीस आला होता. एस्तेलाबाई तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या. तो ११४ वा नातू ठरला. लॉराने कैदेत त्याचे नाव ग्विदो ठेवले होते. तो मात्र म्हणाला की मला इग्नासिओ या नावाचीच सवय आहे, आणि आजीने ते मान्य केले. चिचाबाईंच्या नशिबी हा दिवस नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्या वारल्या. क्लारा अनाहीचा पत्ता लागला नव्हता. पण त्या घराण्याच्या खुणा पेढीत नोंदलेल्या आहेत.

जुलै २०२५ पर्यंत अशा १४० नातवंडांची ओळख पटली. अजून तीनशेहून अधिक राहिली आहेत. ती आज पन्नाशीच्या आसपासची माणसे आहेत, आणि आपण कोण हे त्यांना ठाऊक नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला. त्यात मुलाची ओळख जपण्याचा हक्क आठव्या कलमात आला, तोही या आज्यांच्या खटपटीने. आपला देश १९९२ साली या करारात सामील झाला. म्हणजे त्या बारा जणींच्या श्रमाचे थोडे फळ आपल्याही पदरात पडले आहे.

आजकाल परदेशी असलेली मुले-नातवंडे, नळीत थोडी लाळ घालून ती टपालाने कंपनीकडे पाठवितात आणि आपले पूर्वज कुठले ते विचारतात. त्यात कौतुक वाटण्यासारखे आहेच, पण थोडा विवेक हवा. ट्वेंटी-थ्री अँड मी या अमेरिकेतील प्रसिद्ध कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्यापाशी दीड कोटींहून अधिक लोकांची अशी माहिती होती, आणि ती आता कुणाच्या हाती जाणार ही काळजी त्या साऱ्यांना लागली. आपल्या एकट्याची म्हणून दिलेली लाळ भावंडांची आणि मुलाबाळांचीही माहिती देऊन टाकते. अर्जेंटिनातील पेढी कायद्याने बांधलेली, एका ठराविक कामासाठी उभारलेली, आणि तिच्यापाशी रक्त ठेवणाऱ्यांना आपण ते कशासाठी देतो हे पक्के ठाऊक. नोंद कुणाच्या ताब्यात आहे आणि कशासाठी आहे, हे आधी विचारावे, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

कुळाचा शोध बहुतेक वेळा अभिमानापोटी घेतला जातो. आमचा मूळपुरुष अमका होता, हे सांगण्यात माणसाला भूषण वाटते. या आज्यांना मूळपुरुषाशी कर्तव्य नव्हते. त्यांची दृष्टी मागे नव्हती, पुढे होती. त्यांना हवे होते ते हरवलेले पोर.

भगिनींनो, आपल्यावर तसा प्रसंग आलेला नाही, आणि कुणावरही न येवो. तरी एक सोपे काम आपल्या हातून होण्याजोगे आहे. आपल्यापैकी कितीजणींना आईच्या आईचे माहेरचे नाव सांगता येईल? आणि तिच्या आईचे? सासरच्या सात पिढ्या पाठ असलेली बाईसुद्धा इथे अडखळते. मंडळाच्या येत्या वर्षात प्रत्येकीने एक वही घालावी, आणि तीत आई, आजी, पणजी अशी वेल लिहावी. त्यांची माहेरची नावे, गावे, त्या कोणते काम करीत, कुठली ओवी म्हणत, कोणता पदार्थ त्यांच्या हातचा म्हणून नावाजला जाई, हे सारे लिहावे. घरात वृद्ध स्त्री असेल तर हे काम लांबणीवर टाकू नये. तिच्याजवळ बसावे, विचारावे, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे.